लेकीच्या कार्डावर

सहा वर्षं माझ्या पगारातून सरकारी कामगार विम्याची वर्गणी कापली जात होती, आणि त्या विम्यात आईवडिलांनाही बसवता येतं हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायची वेळच आली नव्हती. विक्रोळीच्या औषधांच्या कारखान्यात मी पॅकिंगला लागले तेव्हा बाबा गिरणीत होते. त्यांचं स्वतःचं विम्याचं कार्ड होतं आणि त्यावर आईचं नाव होतं. मला मिळालेल्या फॉर्मवर कुटुंबातल्या माणसांचे रकाने होते, त्यांवर मी सरळ आडवी रेघ मारली. त्या रेघेचा तेव्हा मला अभिमानच वाटला होता.

मग गिरण्यांचा संप झाला. तो कधी संपला हे आम्हाला कुणी येऊन सांगितलं नाही. बाबांना परत कामावर घेतलं नाही, एवढंच आम्हाला कळलं. नोकरीबरोबर त्यांचं कार्डही गेलं. बाबा तेव्हा साठीला टेकले होते. भांडुप आणि नाहूरच्या मधल्या आमच्या चाळीत असे पुष्कळ बाबा दिवसभर कट्ट्यावर बसलेले असायचे, पण आमचे बाबा कट्ट्यावर बसले नाहीत. सकाळी उठून दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि कुठेतरी कामाला निघाल्यासारखे बाहेर पडायचे. कुठे जायचे ते आम्ही कधी विचारलं नाही.

दोन वर्षांनी त्यांना दम लागायला लागला. आधी जिना चढताना, मग बसल्याबसल्या. पाय इतके सुजायचे की चप्पल चढेना. नाक्यावरच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पायावर बोट दाबलं, खळगा पडला तो बराच वेळ भरून आला नाही. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हृदय थकलंय. कायम गोळ्या लागतील, एकदा इस्पितळात ठेवून सगळं तपासायलाही हवं. जमेल का तुम्हाला?" मी म्हटलं, जमेल. कसं जमेल ते मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टाइम ऑफिसात मी रजेचा अर्ज द्यायला गेले. तिथले बाबू वयस्क होते, चष्म्यावरून बघायची त्यांना सवय होती. त्यांनी कारण वाचलं आणि म्हणाले, "वडील आजारी आहेत, तर कार्डावर का नाहीत तुझ्या?"

"माझ्या कार्डावर? ते तर माझ्या एकटीचं आहे."

"अगं बाई, आईवडील तुझ्या पगारावर जगत असतील तर त्यांनाही विमा लागू होतो. पॅनेलचे डॉक्टर, गोळ्या, मुलुंडला विम्याचं मोठं इस्पितळ, सगळं. इतकी वर्षं काय झोपली होतीस काय?"

मी तोंडाची फटकळ, एरवी मी ऐकून घेतलं नसतं. त्या दिवशी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. त्यांनी टेबलाच्या खणातून फॉर्म काढला आणि कुठे काय लिहायचं ते पेन्सिलीने खुणा करून दाखवलं. वडिलांचं आणि आईचं नाव, वय, नातं. मग शेवटी एक वाक्य छापलेलं होतं, त्याखाली माझी सही. वरील व्यक्ती माझ्यासोबत राहतात व पूर्णपणे माझ्यावर अवलंबून आहेत.

ते वाक्य मी कारखान्याच्या बसमध्ये तीनदा वाचलं. खरं तर ते होतंच. तरी घरी गेल्यावर फॉर्म मी पिशवीतच ठेवला आणि जेवणं झाल्यावर, बाबा हात धुवायला मोरीत गेलेले बघून, घाईघाईत सही केली. ते कधी मागे येऊन उभे राहिले ते कळलंच नाही. फॉर्म उचलून त्यांनी दिव्याच्या उजेडात धरला. गिरणीत युनियनचे कागद वाचून दाखवायचं काम त्यांच्याकडे असायचं. छापील कागद त्यांना आवडायचा.

"ह्या 'अवलंबून' कोण?" त्यांनी विचारलं.

"बाबा, तो नुसता कागद आहे. तसं लिहावं लागतं."

"कागद नुसतो नसता गो बाय," ते म्हणाले. फॉर्म त्यांनी जसा होता तसा घडीवर घडी घालून मला परत दिला.

लेकीच्या घरचं खाऊ नये असं आमच्या गावी म्हणायचे. मी तर लग्नच केलं नव्हतं, म्हणजे माझं घर तेच त्यांचं घर. पण बाबांच्या मनात तो हिशेब कुठेतरी वेगळाच चालू असावा. लेकीचं लग्न करून द्यायचं राहिलं आणि वर तिच्याच पगारावर बसलो, हे ते बोलले नाहीत, पण मला कळत नव्हतं असं नाही. मला ते कळत होतं आणि मी कानाडोळा करत होते, कारण मला गोळ्या हव्या होत्या.

फॉर्म गेला. महिनाभराने पत्र आलं की अवलंबित्वाची खात्री करण्यासाठी चौकशी अधिकारी अमुक तारखेला दुपारी घरी येतील. बस, त्या पत्राने आमच्या घराची तऱ्हा बदलून टाकली.

आईने पत्रातला एकच शब्द पकडला: साहेब घरी येतले. सरकारी माणूस आमच्या घरी आजवर आला होता तो फक्त पाण्याचं मीटर बघायला. दोन दिवस आधीपासून तिने डबे घासले. शेजारच्या मावशींकडून बशा आणल्या, पलीकडच्या खोलीतून दोन फोल्डिंगच्या खुर्च्या आल्या, आणि अगदी समोरच्यांनी त्यांचा नवा टेबलफॅन आपणहून आणून लावून दिला. "साहेबांना घाम नको," ते म्हणाले. साहेब मासे खात असतील की नसतील, यावर बायकांची सभा झाली. शेवटी घावणे आणि नारळाचा रस ठरला, म्हणजे धोका नको. आम्ही कोकणातले. दारात आलेल्याला आपल्या घरात काही नाही असं दिसू द्यायचं नाही, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. मीही अर्धी रजा टाकून नारळ खवत बसले होते. आपण नेमकं काय करतोय हे त्या सगळ्या गडबडीत माझ्या डोक्यात आलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

साहेब आले. चाळिशीतले, घामेजलेले, खांद्याला रेक्झिनची पिशवी. भला माणूस होता. चाळीतली पोरं मागे लागली होती तर त्यांच्याशी हसून बोलत आला. बाबा उठून उभे राहिले, हात जोडले, "येवा, बसा" म्हणाले. दम लागलेला होता, पण तो त्यांनी तोंड मिटून आत ठेवला. पायांवरची सूज दिसू नये म्हणून त्यांनी पायजम्याऐवजी लांब धोतर नेसलं होतं.

घावणे खाऊन झाल्यावर साहेबांनी कागद काढला.

"आजोबा, हल्ली काही काम करता का?"

"आता नाय. पण बसान ऱ्हवणारो माणूस नाय मी."

"बरं. पेन्शन वगैरे?"

"नाय."

"गावी काही जमीनजुमला?"

मी रॉकेलच्या स्टोव्हपाशी उभी होते. इथून पुढचं सगळं मला अजून दिसतं.

"आसा तर!" बाबा म्हणाले, आणि कितीतरी महिन्यांनी त्यांचा आवाज पूर्वीसारखा लागला. "सात-बाऱ्यार नाव आसा माझा. भाताची जमीन, दोन कुणगे. वर आंब्याची कलमा. काजी. माड आसत."

"कलमं किती असतील?"

"पंधरा-वीस."

"आणि उत्पन्न?"

"देवाच्या कृपेन काय कमी नाय, साहेब."

आता खरं काय होतं ते सांगते. त्या सात-बाऱ्यावर बाबांचं नाव होतं, पण ते एकोणीस नावांतलं एक होतं. भात चुलत काका लावायचे आणि तेच खायचे. कलमांना हात लावायची आम्हाला मुभा नव्हती. दर मे महिन्यात काकांच्या मर्जीने एक पेटी यायची, तीही कधी यायची, कधी नाही. बाबांना हे सगळं माझ्याहून चांगलं माहीत होतं. ते खोटं बोलत होते असं मात्र मी म्हणणार नाही. घरी आलेल्या पाहुण्याने गावाची चौकशी केली तर जे सांगायचं ते सांगत होते. साहेब भराभर लिहीत होते. मी एक पाऊल पुढे टाकलं असतं आणि म्हटलं असतं, "साहेब, तसं नाहीये," तर काम तिथेच झालं असतं. पण परक्या माणसासमोर वडिलांना खोटं पाडायचं, तेही त्यांच्याच घरात? माझ्यासारख्या भांडकुदळ बाईची जीभ उचलली नाही. मी घावणा उलटत राहिले.

निघताना आईने साहेबांच्या पिशवीत सुकलेल्या कोकमांचं पुडकं आणि काजूगर कोंबले. साहेब नको नको म्हणत होते. "खावा हो, घरचे आसत," बाबा म्हणाले. ते आईने आदल्या दिवशी भांडुपच्या बाजारातून आणलेले होते.

त्या संध्याकाळी घरात सण असल्यासारखं वाटत होतं. बाबांनी दोन घावणे जास्त खाल्ले. आम्हा तिघांनाही वाटत होतं की काम छान झालं, साहेब खूश होऊन गेले.

नकाराचं पत्र तीन आठवड्यांनी आलं. वडिलांना गावी शेती व बागायतीचे स्वतंत्र उत्पन्न असल्याचे त्यांच्याच सांगण्यावरून दिसून आल्याने त्यांचे नाव समाविष्ट करता येत नाही. साहेबांनी काही वाकडं केलं नव्हतं. जे ऐकलं, ते लिहिलं. आईच्या नावाचंही तेच झालं, कारण ती नवऱ्यावर अवलंबून धरली होती.

मी घरात ते पत्र मोठ्याने वाचलं आणि मग माझा तोल सुटला. "कुठे आहेत ती वीस कलमं? दाखवा मला! एक आंबा तरी आपल्या हाताने तोडलात का दहा वर्षांत? साहेबासमोर जमीनदार व्हायची काय हौस आली होती?"

बाबा खाली बघून ऐकत होते. मग म्हणाले, "घरात इल्या माणसाक आमच्याकडे काय नाय म्हणान सांगूचा? तुझ्या आवशीसमोर?"

"हो! सांगायचं! तेवढंच सांगायचं होतं!"

आई मध्ये पडली म्हणून मी गप्प झाले. तेव्हा मला वाटलं होतं की बरोबर माझंच आहे. नियमाने ते बरोबर होतंही. बाबांच्या गोळ्या मी नाक्यावरच्या डॉक्टरांकडून उधार-उसनवारीने आणत होते, आणि तेही आता पुरेना झालं होतं. झोपताना ते भिंतीला पाठ लावून बसत, कारण आडवं झालं की श्वास कोंडायचा. रागावण्याचा मला पुरता हक्क आहे असं मी धरून चालले होते.

टाइम ऑफिसातल्या बाबूंनी मार्ग सांगितला. गावच्या तलाठ्याचा दाखला आणायचा की ह्या जमिनीतून ह्या माणसाला काहीही मिळत नाही. आणि मग वडिलांनी स्वतः विम्याच्या कार्यालयात जाऊन तसा जबाब द्यायचा. दाखल्यासाठी मी चुलत काकांना पत्र टाकलं. मला वाटलं होतं, ते दोन महिने झुलवतील. दाखला आठवड्याच्या आत आला, शिक्क्यासकट. बाबांना जमिनीतून काही मिळत नाही असं सरकारी कागदावर लिहून मिळावं, याहून काकांना दुसरं काय हवं होतं? बाबांनी तो दाखला वाचला आणि नुसतं "बरा झाला" म्हणाले. त्यांनी गावचं नाव पुढे कधी काढलं नाही.

कार्यालय घाटकोपरला होतं. आम्ही बसने गेलो. बाबांनी तोच इस्त्रीचा शर्ट घातला होता, तो आता अंगावर सैल झाला होता. दुसऱ्या मजल्यावर चढायला आम्हाला पाऊण तास लागला. दर चार पायऱ्यांनी ते थांबायचे आणि खिडकीतून खाली काहीतरी बघत असल्याचं दाखवायचे. मीही बघायचे.

समोर तेच साहेब होते. त्यांनी बाबांना ओळखलं, खुर्ची दिली, आणि ते मनातून ओशाळले आहेत हे मला दिसलं. ते म्हणाले, "आजोबा, त्या दिवशी मला तुम्ही जे सांगितलंत..." आणि त्यांनी कागद ओढला. जबाब त्यांनीच लिहून काढला. मग म्हणाले, "हे तुम्ही तुमच्या तोंडाने सांगायला हवं. समोर साक्षीला हे दुसरे बसलेत, त्यांनी ऐकलं पाहिजे. तसा नियम आहे."

बाबा हळू काहीतरी बोलले. शेजारी दोन टाइपरायटर चालू होते.

"जरा मोठ्याने, आजोबा."

बाबांनी खुर्चीचे हात धरले. ते मालवणीत बोलले नाहीत. युनियनचे कागद वाचताना बोलायचे तसं, स्वच्छ, पुस्तकी मराठीत बोलले. "मला स्वतःचे काहीही उत्पन्न नाही. माझ्याकडे काही नाही. मी माझ्या मुलीवर पूर्णपणे अवलंबून आहे."

टाइपरायटर थांबले होते. साहेबांनी सहीची जागा दाखवली. बाबांनी सही केली, पेनचं टोपण लावून पेन परत दिलं, आणि माझ्याकडे न बघता उठले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण खरं सांगायचं तर त्या पाण्यात निम्मा आनंद होता. काम झालं होतं.

कार्ड आलं. माझ्या नावाखाली दोन नावं, वय, नातं. आमच्या भागातले पॅनेलचे डॉक्टर चाळीपासून चार इमारती पलीकडे बसायचे. त्यांनी लगेच चिठ्ठी दिली. मुलुंडच्या इस्पितळात बाबा सोळा दिवस होते. गोळ्या लागू पडल्या, अंगातलं पाणी उतरलं, पायांना पुन्हा घोटे दिसायला लागले. घरी आले तेव्हा जिना दोन दमांत चढले. आईने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी शपथेवर सांगते, त्या महिन्यात आमच्याइतकं सुखी घर चाळीत दुसरं नव्हतं.

मग बाबा विचारायला लागले.

पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं ते एका रविवारी. जेवताना आईने भात वाढायला हात पुढे केला, तर बाबांनी ताटावर हात आडवा धरला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "घेव काय गो, बाय?" मला वाटलं, पथ्याचं विचारतायत. मी म्हटलं, घ्या की. दुसऱ्या दिवशी शेजारून पेपर आला तर, "वाचू काय?" दिवा लावू काय. खिडकी उघडू काय. खाली जरा फिरून येऊ काय. ते कार्ड फळीवरच्या डब्यात असायचं, हाताला येईल असं. गोळ्या आणायला दर पंधरा दिवसांनी त्यांना स्वतःला जाता यायचं, पण तेही, "कार्ड घेव काय?" असं विचारल्याशिवाय डब्याला हात लावायचे नाहीत. मी कारखान्यात असले तर संध्याकाळी माझी वाट बघत बसायचे.

सुरुवातीला आम्ही हसायचो. आई म्हणायची, "म्हाताऱ्याक शिस्त लागली." मग हसू येईना. ह्या माणसाने उभ्या जन्मात कुणाला विचारून काही केलं नव्हतं. गिरणीत मुकादमाशी भांडायचे, घरी भाजी आणली तर तीच शिजायची, आईला एक शब्द न सांगता एकदा गावी निघून गेले होते. तो माणूस आता चहाचा दुसरा कप घ्यायला माझं तोंड बघत होता. मी त्यांना समजावलं. "बाबा, हे तुमचं घर आहे. मला काय विचारायचं त्यात?" ते मान डोलवायचे. एकदा म्हणाले, "मी सही केलंय मा."

तेव्हाच मला कळायला हवं होतं. आम्ही तिघांनी जो कागद गोळ्यांसाठी केला होता, तो त्यांनी खरा मानला होता. टाइम ऑफिसातल्या बाबूंना, साहेबांना, मला, सगळ्यांना माहीत होतं की ती एक रीत आहे, तसं लिहावं लागतं. बाबांनी मात्र मोठ्याने, चारचौघांत शब्द दिला होता. कागद नुसता नसतो असं त्यांनी मला आधीच सांगितलं होतं, आणि मी ते सोडून दिलं होतं.

असं आठ महिने चाललं. त्या दिवसांत कारखान्यात नवीन मशीन आलं होतं आणि आमच्या पाळीत चार बायका कमी केल्या होत्या. उरलेल्या आम्ही उभ्यानेच दिवस काढायचो. एका बुधवारी मी घरी आले तेव्हा पाय नुसते ठणकत होते. चपला काढल्या नाहीत तोवर बाबा म्हणाले, "बाय, रेडिओ लावू काय?" मी उत्तर दिलं नाही. मग, "बाय, पंखो बंद करू काय?" मग, "बाय..."

"पुरे!" मी किंचाळले. शेजारच्या मावशी दारात आल्या इतकी. "जीव खाल्लात माझा! सारखं काय बाय, बाय? मला काही म्हणजे काही विचारायचं नाही. आजपासून मला एक शब्द विचाराल ना, तर बघा!"

बाबांनी पंखा बंद केला नाही आणि रेडिओही लावला नाही. ते आपल्या जागेवर जाऊन बसले. मी तोंड धुतलं, चहा प्यायले. अर्ध्या तासात माझा राग उतरला. माझा राग असाच आहे, येतो तसा जातो. पण मी काही बोलले नाही. मनात म्हटलं, बरंच झालं, एकदाची ही सवय मोडेल.

आणि मोडली. गुरुवारी त्यांनी काही विचारलं नाही. शुक्रवारी नाही, शनिवारी नाही. रविवारी मी घरीच होते. बाबा अंगावर चादर घेऊन भिंतीला टेकून बसले होते. मी विचारलं, "थंडी वाजतेय का?" ते नाही म्हणाले. मी आईला म्हटलंसुद्धा, बघ, कसे शहाण्यासारखे राहतात आता. मला खरंच हलकं वाटत होतं. चादर का घेतली होती, ते मी उचलून बघितलं नाही.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता कारखान्याच्या गेटवरून मला निरोप आला. मी पोचले तेव्हा पॅनेलचे डॉक्टर येऊन गेले होते. बाबांना खाली घेतलं होतं. त्यांचे पाय चादरीबाहेर आले होते आणि त्यांवर पुन्हा घोटे दिसत नव्हते.

तेराव्यापर्यंत मी आईला काही विचारलं नाही. मग एका दुपारी फळीवरचे डबे पुसताना गोळ्यांच्या पुड्या हाताला लागल्या. सगळ्या रिकाम्या होत्या, एकात एक नीट घालून ठेवलेल्या. कार्ड डब्यातच होतं. मी पुड्या आईपुढे धरल्या आणि विचारलं, "ह्या कधी संपल्या?"

आईने पुड्या माझ्या हातातून घेतल्या. मग म्हणाली, "गुरवारी."

"गुरुवारी? आणि मला कुणी सांगितलं नाही? मी इथेच होते ना, रविवारी तर दिवसभर होते!"

"मी म्हटलंय तेका," आई म्हणाली. "कार्ड घे आणि जा, चार बिल्डिंगीर तर आसा. तर म्हणालो, तिका इचारल्याशिवाय कसो घेव? मी म्हटलंय, मगे इचार तिका. तर म्हणालो, तिना सांगल्यान हा, इचारूचा नाय. मी तिच्यार आसंय, मगे तिचा ऐकाक नको?"